अ‍ॅम्बेसेडरचा डिफरन्सल 'घूं' करतोय: जोडा बदलू की बेअरिंगवर भागेल?

केळीवाला_रावेर
नमस्कार मंडळी. आमच्या आबांची १९८४ची अ‍ॅम्बेसेडर, मार्क ४, पेट्रोल, बरीच वर्षं मळ्यातल्या शेडमध्ये उभी होती. इंजिन, ब्रेक, वायरिंग उरकलं, गाडी रस्त्यावर आली. पण सावद्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि काटा पंचावन्नच्या वर गेला की मागून, डिफरन्सलच्या (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या दातचक्रांच्या पेटीच्या) बाजूने 'घूंऽऽ' सुरू होतं. पाय सोडला तर सूर बदलतो, पूर्ण जात नाही. क्लच सोडून गाडी हलते तेव्हा खाली 'टक' वाजतं. पिनियनच्या (शाफ्टला जोडलेल्या छोट्या दातचक्राच्या) सीलपाशी तेल पाझरतं ते वेगळंच.

एका गॅरेजवाल्याने न खोलताच जोड्याचा (पिनियन आणि तो ज्याला फिरवतो ते मोठं क्राउन चक्र) निकाल दिला: "जोडा गेला. नवा क्राउन-पिनियन टाका, नाहीतर दुसऱ्या गाडीचा अख्खा एक्सल बसवून देतो." आकडा ऐकून परत आलो. घरात डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं घड्याळ) आहे, व्हाइस आहे, वेळही आहे, कारण बागेचं काम सध्या हलकं आहे. खोलायचं ठरवलंय. कुठून सुरुवात करू?

जिभाऊ_धुळे
भाऊ, पैले क्रॉस (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या शाफ्टचा फिरता सांधा) देख. डिफरन्सल खोलानी घाई कर नको. आग्रा रोडवर निम्मं आयुष्य ट्रकखाली काढलं मी. 'टक' वाजलं की लोक थेट क्राउनवर जातात, आणि निघतो काय, तर शाफ्टचा सुकलेला क्रॉस. गाडी उभी करा, चाकांना उटी (अडसर) लावा, गिअर टाका, खाली जाऊन शाफ्ट हाताने पिरगाळा. क्रॉसच्या टोप्यांपाशी गंजाची लाल भुकटी दिसली तर तो गेलाच समजा.

पद्मिनी_अमळनेर
वाखू (वाचनखूण) साठवली. माझ्या पद्मिनीचाही नंबर लागणार आहे.

गिरणाकाठची
जिभाऊंना अनुमोदन. शिकवण्याची सवय असल्यामुळे जरा लांबण लागेल.

आवाज चार अवस्थांत वेगवेगळा ऐका. पाय दाबून गाडी ओढत असताना. पाय सोडून, गिअर तसाच ठेवून. हलक्या पायाने वेग स्थिर ठेवून. आणि न्यूट्रलमध्ये घरंगळताना, तेही सपाट, रिकाम्या रस्त्यावरच. क्राउन-पिनियनचे दात भाराखाली गातात आणि बहुधा एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच. ओढताना दाताची एक बाजू राबते, पाय सोडला की दुसरी. म्हणून एकाच अवस्थेत स्वच्छ सूर असेल तर दातांच्या जुळणीवर संशय घ्यावा. दोन्ही अवस्थांत आवाज आहे, कमी-जास्त होतोय आणि त्यात खरखर मिसळलीय, तर पिनियनचं बेअरिंग. पिनियन चाकाच्या चारपटीहून जास्त वेगाने फिरतो, त्यामुळे त्याच्या बेअरिंगचा आवाज चाकाच्या बेअरिंगपेक्षा बारीक असतो. चाकाचं बेअरिंग ओळखायला गाडी हळूच डावी-उजवी झुलवा, भार एका चाकावरून दुसऱ्यावर गेला की आवाज बदलतो. फक्त वळणावर आवाज येत असेल तर आतले स्टार आणि सन गिअर (वळताना दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारी छोटी चक्रं) बघायचे, कारण सरळ चालताना ते एकमेकांवर फिरतच नाहीत, सगळा संच एकत्र फिरतो.

आणि टायर! डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलला तर दोष टायरचा. डिफरन्सलला रस्ता कुठला आहे हे कळत नाही.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय पिनियनच्या बेअरिंगवर. 'टक' मात्र सगळ्या सैलपणाची बेरीज असते: क्रॉस, शाफ्टची आटी (एकमेकांत बसणाऱ्या लांब खाचा), क्राउन-पिनियनची फट, स्टारच्या मागचे वॉशर, हाफ शाफ्टच्या (चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांच्या) आटी. प्रत्येकात थोडं थोडं असलं तरी एकत्र मोठं वाजतं.

केळीवाला_रावेर
जिभाऊ, मागचा क्रॉस खरंच गेलेला निघाला. बदलला. 'टक' निम्म्याने कमी झालं, 'घूं' तसंच आहे. ताई, तुम्ही सांगितलेल्या चारही अवस्था तपासल्या. ओढताना मोठा, सोडल्यावर बारीक पण खरखरीत, न्यूट्रलमध्ये जवळजवळ नाही. डावी-उजवी झुलवून फरक नाही.

तेल गरम असतानाच काढलं. काळं, जुनाट. चुंबक फिरवलं तर करड्या रंगाचा चिखल चिकटला, बोटात चोळला तर मऊ लागतो. दोन-तीन चमकत्या पापड्याही आहेत, नखापेक्षा लहान.

लोको_फिटर
मऊ चिखल म्हणजे इतक्या वर्षांची झीज, त्याने घाबरू नका. पापडी पातळ आणि एका बाजूने गुळगुळीत असेल तर ती बेअरिंगच्या कपाची (बाहेरच्या कड्याची). दाताचा तुकडा जाड आणि दाणेदार असतो, तुटलेल्या बिडासारखा दिसतो.

भुसावळला लोको शेडात हयात गेली. मोटारी हा निवृत्तीनंतरचा नाद, पण दात इथूनतिथून सारखेच. अ‍ॅम्बेसेडरचा एक्सल ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या घराण्यातला, बॅन्जो घाटाचा. मागचं घर (एक्सलचं कवच) एकसंध राहतं आणि क्राउन-पिनियनचा सगळा संच पुढून नट सोडून एका तुकड्यात बाहेर येतो. त्यामुळे शिमचं (जाडी जुळवायच्या पातळ चकत्यांचं) सगळं काम बाकावर बसून करता येतं. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या चकत्यांवर) खूण करा. हाफ शाफ्ट दोन्हीकडून इतके ओढा की आटी सन गिअरमधून सुटतील. संच जड असतो, छातीवर झेलायच्या भानगडीत पडू नका, खाली जॅक आणि सोबत दुसरा माणूस हवा.

संच बाकावर आला की लोक लगेच पाना लावतात. तिथेच पुरावा जातो. आधी मोजायचं. व्हाइसमध्ये घट्ट धरा, डायल गेजचा काटा क्राउनच्या दाताला काटकोनात टेकवा, पिनियन रोखून क्राउन मागेपुढे हलवा. अशा मोटारींत फट साधारण ०.१० ते ०.२० मिमी असते. पण नेमका आकडा बऱ्याचदा क्राउनच्या अंगावरच कोरलेला सापडतो आणि तो असला तर पुस्तकापेक्षा त्याचंच ऐकायचं. क्राउन फिरवत चार-पाच जागी मोजा. जागोजागी फरक आला तर क्राउन वाकडा बसलाय, किंवा त्याच्याखाली घाण अडकलीय. क्राउनच्या पाठीवरचा झोल (फिरताना होणारं डुलणं) ०.०५ मिमीच्या आत हवा.

मग शेंदूर. शिशाचा, तेलात दाट कालवलेला. शेडात आम्ही तोच वापरायचो. सात-आठ दातांना दोन्ही बाजूंनी पातळ लेप द्या. क्राउनला लाकडाचा अडसर धरा म्हणजे दातांवर भार येईल, आणि पिनियन दोन्ही दिशांनी फिरवा. जिथे दात घासतो तिथला शेंदूर पुसला जाऊन ठसा उमटतो. तो ठसा मोबाइलवर टिपून इथे टाका. आणि शिसं विष आहे, हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीकडे जाऊ नका. शेंदूर नको असेल तर फिटरचा निळा रंग चालतो, पण जुन्या काळपट दातांवर तो नीट दिसत नाही.

बेअरिंगच्या टोप्या सोडण्याआधी पंचाने खुणा: डावीला एक ठिपका, उजवीला दोन, घरालाही तसेच. त्या टोप्या घरावर बसवूनच भोक कापलेलं असतं. अदलाबदल झाली तर कितीही शिम घाला, गोल बसणार नाही.

जिभाऊ_धुळे
काका म्हणतात ते शंभर टक्के. फक्त एक जोडतो. संच काढल्यावर घराच्या तळाशी हात घालून चिखल खरवडा. नवं बेअरिंग घालून जुना चिखल आत ठेवणारे बठ्ठे पाहिलेत मी.

केळीवाला_रावेर
संच बाहेर काढला. फोटो चढवले आहेत, मोबाइलवर उघडायला वेळ लागेल.

दात मोजले: पिनियन ९, क्राउन ४१. एकही दात तुटलेला नाही, टवके नाहीत, ओढणाऱ्या बाजूला चकचकीत. ठसा ओढणाऱ्या बाजूला दाताच्या जवळजवळ मध्यावर, किंचित आतल्या टोकाकडे. उलट्या बाजूला जरा पसरट. क्राउनवर '००६' कोरलंय. माझी फट सगळीकडे ०.२२ ते ०.२४ मिमी.

मुख्य गोष्ट पुढे आहे. पिनियनची फ्लँज धरून ओढली-ढकलली तर हाताला खेळ जाणवतो. नट सोडून पिनियन काढला. दोन्ही टेपर बेअरिंग आहेत. आतल्या बेअरिंगच्या कपावर रोलरच्या अंतराअंतराने काळ्या आडव्या रेघा आहेत, खालच्या अर्ध्या भागातच. एका रेघेवरून पापडी उडालीय.

गिरणाकाठची
मग आरोपी सापडला. गाडी वर्षानुवर्षं एका जागी उभी राहिली, तेलात ओल शिरली, रोलर जिथे टेकून होते तिथे गंजाने रेघ खाल्ली. गाडी चालू झाल्यावर त्याच रेघांवरून रोलर ठेचत गेले आणि एकीची पापडी निघाली. तापीकाठच्या केळीच्या मळ्यात शेडची हवा कायम दमट, त्यामुळे नवल नाही.

'००६' म्हणजे सहा हजारांश इंच, ०.१५ मिमी. तुमची फट त्याहून पाऊण दशांश मिमी जास्त, आणि त्यातला बराचसा भाग पिनियनच्या खेळाचा असणार. ओढताना क्राउन पिनियनला बाहेर ढकलतो, पाय सोडला की आत खेचतो. बेअरिंगचा दाब टिकून असेल तर पिनियन जागचा हलत नाही. दाब गेला की प्रत्येक वेळी तो सरकतो आणि दात चुकीच्या जागी भेटतात. तेव्हा सूर दातांतून येतो, पण दोष दातांचा नसतो. हाताने फिरवून घेतलेला ठसा तुमच्याकडे मध्यावर आलाय, म्हणजे कारखान्यात केलेली जुळणी अजून शाबूत आहे. जोडा बदलू नका.

लोको_फिटर
ताईंशी सहमत. जोड्याबद्दल आणखी थोडं. ९ आणि ४१ यांना सामाईक अवयव नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला पाळीपाळीने भेटतो आणि सगळे सारखे घासले जातात. कारखान्यात दोघांना एकत्रच घासून जुळवलेलं असतं, म्हणून दोघांवर एकच नंबर. एक बदलून दुसरा ठेवता येत नाही. इतकी वर्षं एकमेकांशी झिजलेली ही जोडी बाजारातल्या नव्या जोडीपेक्षा गप्प चालेल. दुसऱ्या गाडीचा एक्सल आणला तर त्याची बेअरिंग कुठल्या शेडमध्ये किती वर्षं भिजली कुणास ठाऊक.

नाशिकला_असतो
मी शिरपूरचा, पोटापाण्याला नाशिकला. एवढं खोललंच आहे तर १०/४३ चा जोडा का टाकत नाही? आग्रा हायवेवर ऐंशीला इंजिन ओरडतं ते कमी होईल. कोलकात्याला मल्लिक बाजारात शोधलं तर मिळतो.

लोको_फिटर
हिशोब करून बघू. ४१ भागिले ९ म्हणजे ४.५६, ४३ भागिले १० म्हणजे ४.३. इंजिनचे फेरे साडेपाच टक्क्यांनी उतरतील. तीन हजारांच्या जागी २८३० होतील. बदल्यात स्पीडोमीटर तितकाच कमी दाखवू लागेल, आणि चार माणसं, सामान घेऊन कन्नड घाट किंवा कोंडाईबारी चढताना दीड लिटरचं ते इंजिन आधीच कुथतं, ते एक गिअर आणखी खाली मागेल. रोज हायवेला पळणारी गाडी असती तर विचार केला असता. मळ्यातून सावदा-फैजपूरला जाणाऱ्या गाडीला कशाला?

पद्मिनी_अमळनेर
न खोलता आपल्या गाडीचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) कळतो का?

लोको_फिटर
कळतो. एक मागचं चाक उचला, दुसरं जमिनीवर उटी लावून, गिअर न्यूट्रल. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि शाफ्टवर खडूची रेघ मारून त्याचे फेरे मोजा. एकच चाक फिरत असल्यामुळे क्राउन त्याच्या निम्मा फिरतो, म्हणून दोन फेरे. शाफ्ट साडेचाराच्या जरा पुढे गेला तर ४१/९.

केळीवाला_रावेर
जोडा ठेवतोय. बेअरिंग, सील, स्टारमागचे वॉशर आणले. स्टारची आडवी पिन बोटाने चाचपली तर पायरी लागते, तीही बदलतो. पिनियनमध्ये दोन बेअरिंगच्या मध्ये भक्कम पोलादी कॉलर आहे, तिच्यासोबत पातळ शिम. पिनियनच्या डोक्यामागेही एक जाड शिम आहे. आता बसवताना कशाला हात लावायचा, कशाला नाही?

गिरणाकाठची
डोक्यामागचा शिम पिनियन किती आत बसेल ते ठरवतो. तो तोच ठेवायचा, एका अटीवर. जुन्या आणि नव्या आतल्या बेअरिंगची बसलेल्या स्थितीतली उंची मायक्रोमीटरने मोजा. नवं ०.०३ मिमी जाड निघालं तर पिनियन तेवढा आत ढकलला जाईल, म्हणून शिम ०.०३ ने पातळ. जळगाव एमआयडीसीत सरफेस ग्राइंडरवर घासून मिळेल. जुना कप पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या कांडीने) चहूबाजूंनी थोडा थोडा ठोकून काढा. नवा कोन (बेअरिंगचं आतलं कडं) तेलात शंभर अंशांपर्यंत तापवला की पिनियनवर अलगद उतरतो. गॅसची ज्योत बेअरिंगला दाखवू नका, पाणी उतरेल.

कॉलरजवळचे पातळ शिम बेअरिंगवरचा दाब ठरवतात. नट मॅन्युअलच्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) पूर्ण आवळायचा आणि मग दाब मोजायचा. दाब कमी आला तर शिम काढायचा, जास्त आला तर घालायचा. नट सैल-घट्ट करून दाब जमवायचा नाही. ज्या गाड्यांत दुमडणारी कॉलर असते त्यांची रीत वेगळी. तिथे नट हळूहळू आवळत जायचं, आणि पुढे गेला तर मागे फिरायचं नाही, नवी कॉलर घालायची.

जिभाऊ_धुळे
ताई, राग मानू नका, पण एवढं मोजमाप आम्ही कधी केलं नाही. सील न लावता नट आवळायचा, फ्लँज हाताने फिरवायची. घट्ट मधासारखी फिरली की झालं. माझ्या हातच्या गाड्या अजून पळतात.

लोको_फिटर
जिभाऊ, तुमच्या हातात चाळीस वर्षं आहेत, रावेरच्या भाऊंच्या हातात नाहीत. त्यांना काटा लागेल.

उपाय स्वस्त आहे. फ्लँजला सुतळीचे चार-पाच वेढे द्या, टोकाला ताणकाटा अडकवा, एका संथ गतीने ओढा आणि फिरत असतानाचा आकडा वाचा. पहिल्या झटक्याचा आकडा जास्त येतो, तो सोडून द्या. उदाहरणादाखल मॅन्युअलने १४ किलो-सेंमी मागितले आणि तुमच्या फ्लँजची त्रिज्या ४ सेंमी असली, तर काट्यावर साडेतीन किलो यायला हवेत. नव्या बेअरिंगला जास्त दाब, जुनं परत घालणार असाल तर सुमारे निम्मा. मोजताना सील नको, तेलाचे दोन थेंब मात्र हवेत.

जिभाऊ_धुळे
बरं काका. ताणकाटा चांगला आयडिया शे. करी देखस.

गिरणाकाठची
ठशाचं वाचन पुढच्या वाचकांसाठी लिहून ठेवते. ठसा दाताच्या शेंड्याकडे गेला तर पिनियन क्राउनपासून लांब आहे, आत घ्या. मुळाकडे गेला तर फार आत आहे, बाहेर घ्या. क्राउनच्या आतल्या, अरुंद टोकाकडे गेला तर क्राउन पिनियनपासून दूर सरकवा, फट वाढेल. बाहेरच्या टोकाकडे गेला तर जवळ आणा. एक हलवलं की दुसरं थोडं हलतंच, म्हणून फट पुन्हा मोजायची. केळीवाला, तुमचा ठसा किंचित आतल्या टोकाकडे आहे तो तसाच राहू द्या. भार आला की घर थोडं ताणतं आणि ठसा बाहेरच्या दिशेने सरकतो.

केळीवाला_रावेर
झालं. नवं बेअरिंग जुन्यापेक्षा ०.०२ मिमी जाड निघालं, शिम घासून आणला. फट आता ०.१५ ते ०.१७ आहे. ठसा होता तिथेच. क्राउनच्या बोल्टच्या लॉकपत्र्या नव्या घातल्या. फ्लँजवर जुन्या सीलने खोबण पाडली होती, लेथवाल्याकडून बारीक पॉलिश करून नवं सील अर्धा सूत पुढे बसवलं, म्हणजे त्याचा ओठ खोबणीवर येत नाही.

आणि तेल का पाझरत होतं तेही सापडलं. एक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छिद्र) आपल्या काळ्या मातीने गच्च बुजला होता. वीट झाली होती. तेल तापलं की आतली हवा फुगून सीलमधूनच वाट काढत असणार. तारेने मोकळा केला, रॉकेलमध्ये धुतला.

कालच रावेर-भुसावळ-चाळीसगाव करून कन्नड घाट चढून आलो, मागे तिघे बसवून. ओढताना आवाज नाही. पाय सोडल्यावर साठच्या आसपास अगदी बारीक गुणगुण आहे, काच खाली असली तर ऐकूसुद्धा येत नाही. घाटमाथ्यावर घराला हात लावून पाहिलं, गरम पण हात ठेवता येतो.

लोको_फिटर
शाबास. ती गुणगुण राहू द्या. उलट्या बाजूचा ठसा पसरट होता, तेवढं ती बोलणारच. तेल कुठलं भरलं?

केळीवाला_रावेर
ईपी ९०, जीएल-५ दर्जाचं. दुकानदार त्याहून दाट १४० देत होता, आपल्याकडचा उन्हाळा बघून.

गिरणाकाठची
९० योग्य. हायपॉइड जोड्यात पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली असतो, त्यामुळे दात लोळण्याबरोबर लांबीने घसरतात. त्या घसरण्याला ईपी (प्रचंड दाब झेलणारं) रसायन लागतं, नुसता दाटपणा पुरत नाही. साधं गिअर ऑइल भरलं तर दात लवकर खरवडतात. नव्या बेअरिंगचं पहिलं तेल पाचशे किलोमीटरनंतर बदला आणि काढलेल्या तेलात चुंबक फिरवून पाहा.

पद्मिनी_अमळनेर
माझ्या गाडीच्या साइड बेअरिंगला (क्राउनच्या दोन्ही बाजूंच्या) शिम नाहीत, आटे असलेल्या रिंगा दिसताहेत. रीत तीच का?

गिरणाकाठची
मोजायचं तेच, सरकवायची पद्धत वेगळी. एका बाजूची रिंग जितके खाचे सोडाल तितकेच दुसऱ्या बाजूची आवळा, म्हणजे बेअरिंगवरचा दाब न बदलता क्राउन सरकेल. सोडण्याआधी रिंगांच्या जागेवर खुणा करा. आवाजाचं वर्णन टाकून वेगळा धागा काढा, इथे गल्लत होईल.

केळीवाला_रावेर
अमळनेरवाले भाऊ, डायल गेज आणि ताणकाटा घेऊन जा माझ्याकडून. शनिवारी बाजाराला अमळनेरात येणार आहे. फक्त गेजचं स्टँड परत आणताना त्याचा छोटा स्क्रू हरवू नका, तो मिळत नाही.